घंटीतला मोजा

मित्रांनो, मी एक जुनी, दांड्याची सायकल आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला सवय आहे. माझा रंग एके काळी काळा होता. पुढे टोपली ठेवायची लोखंडी चौकट आहे, मडगार्ड खडखडतं, आणि घंटी एवढी मोठी की आधी ती दिसते, मग मी.

माझं तरुणपण बेकरीच्या कामात गेलं. माझे मालक घरोघरी पाव पोचवायचे. गरम पावांची टोपली चौकटीत बसवली, वर स्वच्छ फडकं टाकलं, की आम्ही निघालो. मालक कधी ओरडत नसत. गल्लीच्या तोंडाशी माझी घंटी दोनदा वाजवायची, बस्स! पटापट दारं उघडायची. कुणी डबा घेऊन यायचं, कुणी तोंडातला ब्रश तसाच धरून. मला कोण अभिमान वाटायचा! आता सांगतानाही संकोच होतो, पण वाटायचा खरा.

मग मालकांची मुलगी मोठ्या शाळेत गेली. शाळा टेकडीपलीकडे आणि तिकडची बस बंद झालेली. मालकांनी मला धुतलं, पुसलं, सीट खाली घेतली आणि तिला म्हणाले, "घे, आजपासून ही तुझी."

"आणि तुम्ही कशावरून जाणार, बाबा?"

"मी चालत जाईन की. पोट किती सुटलंय बघ." त्यांना पोट नव्हतंच. ती हसली आणि माझ्यावर चढली.

पोरगी माझ्यावर बेहद्द खूश होती. टेकडीवरची पायवाट तर तिच्या खास आवडीची. चढावर उभी राहून पायडल मारायची, धापा टाकत "चल गं म्हातारे" म्हणायची. उतारावर पाय पसरून शाळेतल्या कविता घसा ताणून म्हणायची. वर्गात कोण कुणाशी अबोला धरून आहे, बाईंनी कुणाला बाकावर उभं केलं, सगळं मला कळायचं. माझा खडखडाट तेव्हा तिला ऐकूच यायचा नाही.

पण एकदा शाळेसमोरच मांजर आडवं आलं आणि तिने घंटी वाजवली. झालं! समोरच्या घरांची दारं उघडली. एक आजीबाई डबा पुढे करून म्हणाल्या, "आज तू आणलेस होय गं पाव? रोजचे पाववाले कुठे गेले?"

मैत्रिणी फाटकातच उभ्या होत्या. "ए पाववाली, आम्हालाही दे गं दोन, नरम बघून!" सगळ्या खिदळल्या. पोरीचा चेहरा पडला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्या संध्याकाळी तिने घंटीची वाटी उघडली, बाबांचा एक जुना राखाडी मोजा आत कोंबला आणि वाटी पुन्हा घट्ट बसवली. दुसऱ्या दिवसापासून ती मला शाळेमागच्या भिंतीआड लावू लागली. सायकलीला कसली आलीय मान? पण हँडल वळवून तिथे उभी राहिले, की मान खाली घातल्यासारखंच वाटायचं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मैत्रिणींनी टेकडीवर सायकली न्यायचं ठरवलं. उतारावर आमची पोरगी सगळ्यांच्या पुढे. वळणावर डोक्यावर टोपली घेतलेला एक माणूस खाली बघत वर चढत होता. तिचा अंगठा घंटीवर गेला. नुसतं 'खट्' झालं. माझे ब्रेक झिजलेले, वाट निसरडी. तो माणूस बाजूला उडी मारायला गेला आणि काटेरी झुडपात पडला. पाव उतारावरून गडगडत गेले.

ते बाबा होते. घंटी वाजली असती, तर त्या आवाजाला ते झोपेतही बाजूला झाले असते.

मैत्रिणी धावल्या. "काका, लागलं का हो?"

"नाही गं बाळांनो. माझंच लक्ष नव्हतं." बोलता बोलता त्यांची नजर घंटीकडे गेली. मोज्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

"तुम्ही हिला ओळखता का?" त्यांची नजर पाहून एका मैत्रिणीने पोरीकडे बोट दाखवत विचारलं.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. ती हँडल घट्ट धरून खाली बघत होती.

"छे! मी आपला पाववाला," बाबा म्हणाले आणि पाव वेचू लागले. मैत्रिणी मदत करत होत्या. ती मात्र जागची हलली नाही. मित्रांनो, मी गंजले, चिखलात पडले, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी बाबांनी तळहातातले काटे काढले. मग पाना घेऊन माझ्याजवळ बसले. "ब्रेक आवळायला हवेत," एवढंच म्हणाले. ब्रेक आवळले, चेनला तेल घातलं. शेवटी त्यांचा हात घंटीकडे गेला. आता मोजा काढणार, असं मला वाटलं. त्यांनी लोंबणारं टोक बोटाने आत सारलं. कुणाला दिसू नये, असं नीट.

पोरगी दारातून बघत होती. ती आत पळाली आणि उशीत तोंड खुपसून रडली.

सोमवारी शाळेच्या फाटकासमोर ती माझ्यावरून उतरली. सगळ्यांदेखत तिने वाटी उघडली, मोजा ओढून काढला आणि दोनदा घंटी वाजवली. दारं उघडली. आजीबाई डबा घेऊन आल्या. मैत्रिणी हसू लागल्या.

"पाव मागून येताहेत, आजी," ती म्हणाली. मग मैत्रिणींकडे वळली. कान लाल झाले होते. "शनिवारी झुडपात पडले ना, ते माझे बाबा."

हसणं थांबलं.

मित्रांनो, आम्हा सायकलींना तेल द्या, चाकात हवा भरा, कधीतरी पुसा. तेही विसरलात तर मी रागावणार नाही. पण घंटी तेवढी मोकळी ठेवा. वळणावरून चालत येणारं माणूस आपलंच असू शकतं.