चेहऱ्यावर रेघ नाही

लांब मोजा गुडघ्याच्या वर ओढताना आईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. सूज कालच्यापेक्षा वाढली होती. स्वतःच्या मशीनवर शिवलेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा तिने मोज्याच्या आत असा बसवला, की वरून बघणाऱ्याला शंका येऊ नये.

“चाल.”

मुलगी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीपर्यंत जाऊन आली.

“पुन्हा. पाय राहू दे, तोंड सांभाळ. तोंड वाकडं झालं की संपलं.”

मुलगी पुन्हा चालली. या खेपेला गुणगुणलीसुद्धा.

“आता कसं!”

फुटबॉल अकादमीच्या निवडीचा हा शेवटचा सामना. नाव लागलं तर राहणं, खाणं, शिक्षण सगळं अकादमीचं. नाही लागलं तर वय उलटणार, मग कुत्रं विचारणार नव्हतं. पाय टेकायचासुद्धा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. आईने तोंडदेखली मान हलवली आणि घरी येऊन पट्टा शिवायला बसली.

मैदानाच्या पायऱ्यांवर गोलकीपरची आई सरकून जवळ आली. पोरीला नुकतंच खेळात घातलेलं, जीव टांगणीला.

“काकू, माझी हरली की रडत बसते हो. तुमची एवढी खंबीर कशी केलीत?”

“आधी तुम्ही रडू नका. आणि इथून ओरडू नका. गोलसमोर उभी आहे ती, बसची वाट बघत नाहीये, हे तिला कळतं.”

गोलकीपरची आई हसली. “आणि लागलं तर?”

“लागलं तर धावायचं नाही. आपण धावलो की दुखणं दुप्पट. माझी लहानपणी पडली की आधी माझ्याकडे बघायची. मी तोंड फिरवायचे. शिकली आपोआप.”

उत्तरार्धात लेकीला धक्का बसला. ती पडली, दुखरा पाय अंगाखाली मुडपून. आईने शेजारणीचं मनगट असं आवळलं की ती कळवळली.

मुलगी क्षणभर पडून राहिली. पायऱ्यांकडे तिने पाहिलं नाही. मग उठली, धक्का देणारीच्या हातावर टाळी दिली आणि पळत सुटली.

सामना संपल्यावर यादीत तिचं नाव वाचलं गेलं. निवडीचे सर मुद्दाम आईजवळ आले.

“काय पोरगी घडवलीत! चेहऱ्यावर रेघ नाही.”

आई खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली. मोजा निघेना, कात्रीने कापावा लागला. पट्टा सुटताच गुडघा हातात मावेनासा झाला. ती लेकीपुढे खाली बसली.

“दुखतंय?”

“नाही.”

“कुणी नाहीये इथे. मी आहे गं.”

“नाही दुखत, आई.”

आईने अंगठा सुजेवर टेकवला. कातडी तापलेली होती. तिने हलकेच दाबलं आणि वर पाहिलं. मुलगी शांतपणे केसांचा रबर सोडवत होती. आईने आणखी दाबलं. मग सगळा जोर लावून.

“हात दुखतील तुझे,” मुलगी म्हणाली.

आईने हात काढला.

“रड की गं.”

मुलगी हसली.

“रडायला काय झालं? नाव लागलं की.”