आधी तांब्यात

कुणाच्या घरी पाहुण्याला पाणी द्यायला जरा उशीर झाला, की ब्राह्मणपुरीतल्या जमनाबाई त्या घराची वर्षभर पिसं काढत. एका दुपारी सून काजल त्यांना इंग्रजी शिकवत होती.

"आई, वॉटर म्हणजे पाणी. आणि झाडाला पाणी घालणं, तेही वॉटरच."

जमनाबाई भडकल्या. "एकच शब्द वस्तूलेबी नि कामलेबी? दुसरा शब्द घडाले गोरा इंग्रजसले कटाळा उना का?"

वाद चांगलाच रंगला. तेवढ्यात लेकीचे सासरे नथ्थूभाऊ म्हसावदहून भर उन्हात आले. "बसा, व्याहीबुवा," जमनाबाई म्हणाल्या आणि दोघी पुन्हा वॉटरवर तुटून पडल्या. बराच वेळ वाट पाहून नथ्थूभाऊंनी घसा खाकरला.

"विहीणबाई, वॉटर वस्तू ऱ्हावो का काम, पन पहिले तांब्यामा येऊ द्या!"