टिप नको, पगार बोल

शेजारणीने चहा पाजला म्हणून तिच्या टेबलावर नाणं ठेवून या आणि बघा ती काय करते ते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्ट एलरीत वेटरला टिप देणं जवळपास तसंच. कुणी खूष होऊन वरचे सुटे सोडले तर मी काही ते गटारात टाकत नाही, त्याचं मन मोठं. पण आपण होऊन मागायचे? छे! आमच्याकडे टॅक्सीतसुद्धा एकटा माणूस बरोबरीच्या नात्याने ड्रायव्हरशेजारी बसतो. मागे बसला तर ड्रायव्हरच विचारतो, "काय रे, तब्येत बरी नाही का?"

मी रेलीन. 'पेलिकन' पबच्या खाणावळीत ताटं नेता नेता केस पिकले माझे. जुना मालक वारला आणि त्याचा मुलगा लॉकी गल्ल्यावर बसला. हा अमेरिकेत राहून आलेला. आल्या आल्या त्याने पैसे घ्यायचं नवं मशीन आणलं. कार्ड लावायच्या आधी ते विचारतं, टिप दहा टक्के, पंधरा की वीस? 'नको'चं बटण खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत.

पहिला सापडला अर्न. जन्मभर खाडीत कालवांची शेती केलेला म्हातारा, दर रविवारी दुपारी चिकन श्निट्झेल, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं चिकन, खायला येतो. त्याने मशीनकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"रेलीन, हे काय मागतंय?"

"भीक," मी म्हणाले.

बिचाऱ्याचा चेहरा पडला. काठी टेकत तो थेट लॉकीकडे गेला. त्याला स्वतःला कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलतो ते अख्ख्या पबला ऐकू जातं. "धंदा बसला काय रे पोरा? बायांचे पगार निघत नसतील तर श्निट्झेलचा भाव वाढव. आम्ही देऊ की! लाजू नकोस."

लॉकीचे कान लाल झाले. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या.

त्या दिवसापासून मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी मीच 'नको' दाबायला लागले. ते टॅम्झिनने पाहिलं. टॅम्झिन माझ्याबरोबर ताटं नेते. नर्सिंग शिकतेय, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"रेलीन, तू माझ्या पोटावर पाय देतेयस! लोक आपणहून देतात तर तुझ्या का पोटात दुखतं?"

"आज लोक देतील. उद्या लॉकी म्हणेल, लोक देतायत ना, मग मी कशाला देऊ?"

"उद्याचं उद्या. मला खोलीचं भाडं आज भरायचंय."

"आणि मी काय राजवाड्यात राहते?"

मी राहते भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये, चाकांवरच्या एका खोलीत. रविवारी काम केलं की कायद्याने दीडपट पगार मिळतो, आणि त्या रविवारच्या जोरावरच माझं भाडं सुटतं. बाकीचे दिवस कसेबसे खाण्यापुरते. रविवारचं काम गेलं की मी रस्त्यावर.

आणि झालं तेच. सोमवारी लॉकीने आम्हा दोघींना समोर बसवलं आणि स्वतःच्या हाताने कॉफी करून दिली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"नवी पद्धत," तो म्हणाला. "सगळे वार सारखे. रविवारचा जादा दर बंद. त्याच्या बदल्यात टिप सगळीच्या सगळी तुमची! अमेरिकेत पोरी टिपवर घरं बांधतात."

"हे कायद्यात बसत नाही, लॉकी."

"अगं, जबरदस्ती कुठेय? मान्य असेल तिने हात वर करायचा. फक्त रविवारचं काम हात वर करणाऱ्यांनाच."

टॅम्झिनने माझ्याकडे न बघता हात वर केला. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिचा राग आला नाही असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? आला. खूप आला.

"मग रेलीन, तू रविवारी घरी आराम कर," लॉकी गोड आवाजात म्हणाला.

आराम करतंय माझं खेटर! मी युनियनला फोन लावला. ते म्हणाले, तक्रार घेतो, पण वेळ लागेल. कॅरॅव्हॅनवाला थोडाच थांबणार होता? रविवारी ठेवणीतला ब्लाउज घातला आणि गिऱ्हाईक म्हणून 'पेलिकन'मध्ये गेले. अर्नच्या टेबलाशी बसले. म्हटलं, आपल्या रविवारचं काय करतायत ते डोळ्यांनी बघू तरी.

खोली गच्च भरलेली. दोघींचं काम लॉकीने एकट्या टॅम्झिनवर भागवायचं ठरवलेलं, कंजूष मेला. ती घामाघूम. मधल्या टेबलावर सिडनीहून बोट घेऊन आलेले सहाजण, चढलेले. त्यातल्या एकाने, मान उन्हाने भाजून लालबुंद झालेली, पन्नासची पिवळी नोट दोन बोटांत धरून तिच्या नाकासमोर नाचवली.

"आधी हसून दाखव."

टॅम्झिन हसली.

"असं नाही, मनापासून. आणि एक गिरकी घे."

बाकीचे खिदळले. अर्न उठायला लागला, मी त्याचा दंड धरला. माझंही डोकं सणकलं होतं, पण हात तिने वर केला होता, आता काय करायचं ते तिनेच ठरवायचं.

टॅम्झिनच्या हातावर तीन ताटं होती. ती तिने शेजारच्या टेबलावर ठेवली, त्याच्या बोटांतून नोट काढून घेतली, गल्ल्यापाशी गेली आणि समुद्रावरच्या जीवरक्षकांसाठी ठेवलेल्या देणगीच्या डब्यात कोंबली.

"मित्रा, पोहायला गेलास आणि बुडायला लागलास, तर ती पोरं तुला बाहेर ओढतील. मनापासून."

अर्नने टेबलावर अशी थाप मारली की माझा ग्लास कलंडला. लॉकी धावत आला.

"माफी माग त्यांची!"

"नाही मागत. आणि सोमवारी वर केलेला हात मी खाली घेतलाय."

"मग चालती हो!"

टॅम्झिनने जागच्या जागी ऍप्रन सोडला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

आतून आचाऱ्याने घंटा वाजवली. मग पुन्हा. मग वाजवतच सुटला. खिडकीत ताटांवर ताटं साचायला लागली, आणि मुलाबाळांसकट बसलेले लोक माना वळवून बघायला लागले. लॉकीने ताटांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

"रेलीन... जरा हात लावतेस?"

"लावते की. दोघी लावतो. टिप नको, पगार बोल."

"उद्या बसून बोलू..."

"उद्यापर्यंत श्निट्झेल गार होईल."

"रविवारचा दर," तो दातओठ खात पुटपुटला.

"कुणाला?"

"तुम्हा दोघींना."

"आजच्यापुरता?"

घंटा पुन्हा वाजली. कुणाचं तरी पोर भुकेने रडायला लागलं.

"दर रविवारी!"

"मोठ्याने बोल. एवढी माणसं आहेत, साक्षीला असू देत."

"दर रविवारी, दीडपट, दोघींना!" लॉकी ओरडला. सिडनीवाला मान खाली घालून मुकाट्याने चिप्स खात होता.

टॅम्झिनने लॉकीच्या खांद्यावरून आपला ऍप्रन परत ओढला. मी आत जाऊन हात धुतले आणि माझा बांधला. भाडं चुकलं असतं तर कुठे जाणार होते मी? टॅम्झिनने माझ्या हातावर तीन ताटं चढवली.

"सहा नंबर. आणि रेलीन, हसायची काही गरज नाही हं."

पण मला मेलं हसूच आवरेना.