तांबड्या गर्दीतला मफलर

मी एक मफलर बोलतोय. रंग तांबडा, दोन्ही टोकांना पांढरी झालर. त्यातलं एक टोक आता माझ्याजवळ नाही. ते कुठे गेलं, तेच सांगायचंय.

कुठल्या कारखान्यात विणलो गेलो ते आठवत नाही. आठवतं ते कतारमधल्या दोह्यातलं स्टेडियम. बाराही महिने घाम निघतो अशा मुलखात मफलर विकणारे आणि घेणारे, दोघांच्याही अकलेची मला कमाल वाटायची. पण मला घेतलं शाकीरने, आणि तो वेडा नव्हता. तो हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरचा, दोह्यात एसी दुरुस्त करायचा. रिकाम्या खुर्च्या भरायला कंपनीने कामगारांना फुकट तिकिटं वाटली होती. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

सामना टीव्हीवर दाखवतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. गावी त्याची अम्मी, रहमतबी, काचबिंदूने डोळे विझत चाललेली. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. शाकीरची सुटी अजून दीड वर्ष लांब. त्याआधी अम्मीने आपल्याला एकदा बघावं, म्हणून मला घेतलं.

सामन्याआधी त्याने फोन लावला. "अम्मी, गोलच्या मागंच बसून राहिलो. तांबडा मफलर हलवतो. तांबडं दिसलं की मीच समज."

मग संघाचं गाणं वाजलं आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. प्रत्येकाच्या हातात तांबडा मफलर. माझे हजारो भाऊ एकदम डोक्यावर. शाकीरचे हात खाली आले. थोड्या वेळाने त्याने मला पुन्हा वर धरलं आणि सामना संपेपर्यंत हलवत राहिला. गोल झाला तेव्हाही आणि काहीच घडत नव्हतं तेव्हाही. शेजारचा माणूस हसला. मला माझ्या रंगाची लाज वाटली.

सामना सुटल्यावर फोनवर अम्मी म्हणाली, "दिसलास रे बाबा. बराबर दिसलास. लई वाळलास." शाकीर रडला, आनंदाने.

खरं काय ते मला गावी आल्यावर कळलं. सुटीवर निघालेल्या एका गाववाल्याच्या हाती शाकीरने दोरीने बांधलेलं खोकं पाठवलं. त्यात साबण, बदाम आणि मी. खोकं उघडताना शेजारच्या अनुसूयाबाईंनी शाकीरच्या धाकट्या भावाला, आसिफला, विचारलं, "त्या दिवशी टीव्हीत तुमचा शाकीर कोणता होता रे?"

"काय माहीत काकू. समदेच तांबडे. अम्मीनं एकावर बोट ठेवलं, आमी व्हय म्हणलो."

"मला टीव्हीच दिसत नव्हता," रहमतबी म्हणाली. "आवाजाकडं बोट केलं. लेकरू तिकडं हात हलवून राहिलं, त्याला न्हाई कसं म्हणू?"

तिच्या डोळ्यांत थेंब घालणारा, फोन लावून देणारा, हात धरून दारापर्यंत नेणारा आसिफच. परवा त्याचाही व्हिसा आला. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर कापडात नाणं गुंडाळून बांधायचं, त्याला इमाम जामिन म्हणतात. ते घरच्या बाईनेच बांधायचं. रहमतबीने पेटीत चाचपून मला काढलं आणि कात्रीने माझं एक टोक कापलं.

"अम्मी, काहून कापला? भाईचा हाय तो."

"म्हणून तर. दोघं एका कपड्यात ऱ्हावा."

आसिफ आज सकाळी गेला. शाकीरची सुटी पुन्हा लांबली आहे. तो येईल तेव्हा अम्मी त्याचा चेहरा बोटांनीच चाचपेल. कापलेल्या बाजूने मी उसवत चाललोय. सुटलेला धागा तिच्या बोटांना लागतो, पण तो नीट अडकवायला नजर लागते.

एकच मागणं आहे. टीव्हीवर सामना बघताना, काही घडलेलं नसताना, गोलच्या मागे कुणी उगाच मफलर हलवत असला, तर त्याच्याकडे बोट दाखवून 'दिसलास' म्हणा. आमच्या घरातून आता कुणालाच दिसत नाही.