अक्काचा गोल

मी एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी आहे. साधी नाही हं, आकार कापलेली. माझ्यात एक गोल आहे, एक त्रिकोण आहे आणि एक चौकोन. साच्यातून बाहेर पडले तेव्हाच माझा स्वभाव ठरला. गोल तो गोल, त्रिकोण तो त्रिकोण, उगाच वाद नको.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे या घरातल्या दादाच्या भूमितीत गेली. माझ्या कडेने ओढलेली रेघ पाहून त्याचे सर म्हणायचे, "याला म्हणतात काम." मी फुशारून जायचे. पुढे दादा नोकरीला लागला आणि मी सहा वर्षे खणात, सुकलेल्या पेनांच्या संगतीत पडून राहिले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

म्हणून बारावीतल्या धाकटीने मला बाहेर काढले तेव्हा मी हरखले. पण तिचा विषय निघाला समाजशास्त्र, आणि प्रकल्प होता घरच्या नात्यांचा तक्ता. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. एक रेघ रक्ताच्या नात्याची, दोन रेघा लग्नाच्या. माझे डोकेच चालेना. साठ अंशांच्या कोनाला मिशा कधी फुटल्या? माझ्या एकाच गोलातून आजी निघाली, आई निघाली, धाकटीही निघाली. आई म्हणाली, "मी इतकी बारीक कधी झाले गं?"

शेवटी धाकटीने अक्काचा गोल काढला. अक्का मागच्या खोलीत शिवणकाम करते. धाकटीच्या जन्माआधी ती भाडेकरू म्हणून आली. आई दवाखान्यातल्या नोकरीवर गेली की धाकटीला न्हाऊमाखू घालायची ती अक्का, शाळेत सोडायची तीही अक्काच.

तक्ता दाखवायला धाकटी शाळेत गेली, तेव्हा दप्तरात मीही होते. समाजशास्त्राच्या बाईंनी त्या गोलावर बोट ठेवले.

"ही कोण तुझी?"

"अक्का."

"ते कळलं. रक्ताची की लग्नाची?"

"दोन्ही नाही, बाई."

"मग ती या तक्त्यात बसत नाही. पुसून टाक. प्रत्येकाची त्याच्या खुणेशेजारी सही घे आणि उद्या जमा कर. तक्ता चुकला तर निम्मेच गुण."

धाकटीला पुढेही हाच विषय शिकायचा होता, आणि त्या प्रवेशासाठी एकेक गुण मोलाचा होता. तिने अक्काचा पेन्सिलीचा गोल खोडून टाकला.

संध्याकाळी आजीच्या, आईबाबांच्या, दादाच्या सह्या झाल्या. तेवढ्यात हात पुसत अक्का आली. "आण तो पेन. कुठे करू सही? माझा गोल दाखव की."

अक्काने तक्ता उजेडात धरला. खोडलेली मळकट जागा तिला दिसली.

"अक्का, बाई म्हणाल्या..."

"अगं, बरोबरच आहे त्यांचं. मी भाडेकरू. माझ्यापायी गुण कशाला घालवतेस?" असे म्हणून ती खोलीत गेली. पण तिचे शिवणयंत्र काही सुरू झाले नाही. धाकटी कान देऊन बसून राहिली.

मग तिने मला ओढले आणि त्याच जागी पेनाने, दाबून, गोल काढला. तिथून स्वतःच्या गोलापर्यंत एक रेघ नेली, तीही माझी कड न लावता, नुसत्या हाताने. चांगलीच वाकडी आली. मला राग आला आणि का कोण जाणे, भरूनही आले. रक्ताची नाही, लग्नाची नाही, मग ही रेघ होती तरी कसली?

धाकटी तक्ता घेऊन मागच्या खोलीत गेली. अक्काची सही एवढी ऐसपैस झाली की दादाच्या त्रिकोणात घुसली.

ही रेघ कसली, ते दुसऱ्या दिवशी बाईंनीही विचारले. धाकटी म्हणाली, "या रेघेचं नाव मला माहीत नाही, बाई. पण ही पुसली तर मला वाढवलं कोणी, ते तक्त्यात राहतच नाही." बाईंनी त्या वाकड्या रेघेवरून एकदा बोट फिरवले. गुण मात्र त्यांनी निम्मेच दिले.

घरी अक्का दारातच उभी होती. "किती पडले गं?"

"पैकीच्या पैकी," धाकटीने सांगितले.

निम्मे म्हणजे पैकीच्या पैकी कसे, हे गणित मला अजून सुटलेले नाही. मित्रांनो, मला पुन्हा खणात टाकलेत तरी चालेल. पण घरचा तक्ता काढाल तेव्हा सही करायला मागे कोणी उभे आहे का, तेवढे आधी वळून बघा.