माझ्यावर बसू नका, काका

माझं वय झालंय, मित्रांनो, ते लपवण्यात अर्थ नाही. चालताना माझं एक चाक कुरकुरतं, हातावरचं रेक्झिन फाटलंय आणि त्यावर कुणीतरी चिकटपट्टी मारून ठेवली आहे. मी आहे इस्पितळातली चाकांची खुर्ची. हाडांच्या वॉर्डात, चादरींच्या कपाटाशेजारी माझी जागा. माझ्यावर बसलेलं माणूस खुशीत असलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, चाकं बसवली, पॉलिश केलं. इथे आले तेव्हा मी अशी चकचकीत होते की मोठ्या सिस्टर मला डॉक्टरांच्या फेरीच्या वेळीच बाहेर काढत. नव्याचे नऊ दिवस सरले आणि मग मी जी कामाला जुंपले गेले ती आजतागायत. एक्सरेला न्या, बाथरूमला न्या, उन्हात बसवा. कोण बसलं, कोण उठलं, कुणी तेल घातलं का, याची विचारपूस कुणी करत नाही.

मला ढकलणारे हात कितीतरी आले आणि गेले. त्यातले एका मुलीचे हात मला अजून आठवतात. सगळे तिला भिंगरी म्हणत. नर्सिंगच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता, पण वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. तोवर मदतनीस म्हणून राहा, काम अंगवळणी पडेल, असं आईने सुचवलं आणि ती आली. चादरी बदलायच्या, अंग पुसायचं, भरवायचं, बेडपॅन द्यायचं, कुशीवर वळवायचं आणि घंटी वाजली की धावायचं, हे तिचं काम. वॉर्डात मदतनीस बाईला मावशी म्हणायची पद्धत. त्यामुळे आजोबांच्या वयाची माणसंसुद्धा त्या पोरीला "ओ मावशी" अशी हाक मारत. तीही "आले हं बाळा" म्हणत पळायची आणि सगळी खोली हसायची.

दुपार कलली की तिचं हसू संपायचं. मग ती कपाटाआड येऊन माझ्यावर बसायची, बूट काढून तळवे चोळायची. एवढ्याशा पोरीचं अंग इतकं जड लागतं, हे मला तेव्हा कळलं. थकवा वजनात धरत असावेत.

खिडकीजवळच्या खाटेवर आचारीकाका होते. जन्मभर खानावळीत चुलीपुढे उभे राहिलेले, आणि आता खुब्याचं हाड मोडून आडवे झालेले. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. घरी एकटी लेक, तीही दिवसभर कामावर. तिने मोठ्या सिस्टरना स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा वॉकर धरून स्वतःचे स्वतः बाथरूमला जायला लागले तर मी त्यांना घरी नेते. नाहीतर वृद्धाश्रम बघावा लागेल. नोकरी सोडून कसं चालेल माझं?" बोलताना ती बापाकडे बघत नव्हती.

म्हणजे काकांचं घर त्यांच्या पायांवर अवलंबून होतं. हे भिंगरीला ठाऊक होतं. तरी झालं ते असं. वॉकर धरून काका बाथरूमकडे निघाले की तेवढ्यात इकडे दोन घंट्या वाजत. मग ती म्हणायची, "काका, आजच्या दिवस खुर्चीतून जाऊ. उद्या चालू." त्यांच्या काखेत हात घालून ती त्यांना अलगद उचलायची, माझ्यावर बसवायची आणि भर्रकन नेऊन आणायची. काकांची सोय, बाकीचे रोगी खूश. जो तो म्हणे, किती मायाळू पोर आहे. तो उद्या काही उजाडला नाही.

एके सकाळी मोठ्या सिस्टरांनी काकांना उभं राहायला सांगितलं. काकांनी खाटेच्या कडेला हात टेकले, जोर लावला आणि परत बसले. पुन्हा जोर लावला, पुन्हा बसले. मांड्या पार सुकल्या होत्या. सिस्टरांनी भिंगरीला कपाटाशी बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू त्यांचं सगळं करतेस गं," त्या म्हणाल्या, "आणि त्यांचे पाय मात्र काढून घेतेस. त्यांची लेक चार-आठ दिवसांत येईल. बघ काय जमतंय ते."

त्या गेल्यावर भिंगरी माझ्यावर मटकन बसली. तेवढ्यात आईचा फोन आला.

"आई, मला नाही जायचं नर्सिंगला," ती म्हणाली. "राब राब राबले आणि वर त्या माणसाचं वाटोळं केलं. आणखी किती वर्षं हेच करू?"

पलीकडून आईचा आवाज मला ऐकू आला. "नको जाऊस. पण त्या काकांचं काय ते निस्तर, आणि मग घरी ये."

भिंगरीने डोळे पुसले आणि मला घेऊन ती काकांच्या खाटेकडे गेली. काय झालं ते तिने त्यांना सरळ सांगून टाकलं.

"अगं, मलाही सोयीचंच होतं की," काका म्हणाले. "आयतं मिळालं तर कुणाला नको असतं?"

तिने मला खाटेपासून जरा दूर नेऊन ब्रेक लावला. "आता खुर्ची तुमच्याकडे येणार नाही, काका. तुम्ही खुर्चीकडे यायचं."

पहिल्या दिवशी ते नुसते उभे राहिले आणि घामाघूम झाले. मग एखादं पाऊल. रोज ती मला थोडी आणखी लांब ठेवायची. त्यांचा तोल गेला तर सावरता यावं म्हणून ती अगदी जवळ उभी राहायची, पण हात पाठीमागे बांधून. आता मित्रांनो, गंमत ऐका. ज्या पोरीचे गोडवे गायले जात होते, तिलाच आता बोल लागू लागले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून म्हणाली, "म्हातारा माणूस धडपडतोय आणि ही बया हात बांधून बघतेय. काळीज आहे की दगड?" घंट्या वाजत राहायच्या, लोक चिडायचे. भिंगरी खाली मान घालून ऐकून घ्यायची. तिच्या आवळलेल्या मुठी मला मागून दिसत होत्या. हात मागे ठेवणं हे उचलण्यापेक्षा जड काम आहे, मी शपथेवर सांगते.

लेक आली त्या दिवशी मी बाथरूमच्या दाराशी उभी होते. काका वॉकर घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत त्यांचे गुडघे थरथरू लागले. लेकीला ते बघवेना. तिने धावत येऊन माझा ब्रेक काढला आणि मला त्यांच्यामागे आणलं. "बाबा, बसा. पुरे झालं."

भिंगरीने माझा दांडा धरला. "ताई, एक क्षण थांबा."

"तुमचे वडील आहेत का ते?" लेक कडाडली.

काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, बसवण्यासाठीच माझा जन्म, पण त्या घटकेला मी मनातून म्हणत होते, माझ्यावर बसू नका, काका. त्यांना बसायचं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"शिजेपर्यंत दम धरवतो, पण निवेपर्यंत धरवत नाही बघ," ते लेकीला म्हणाले. त्यांनी धाप टाकली आणि वॉकर पुढे सरकवला. ते आत गेले. बराच वेळ लागला. मग आपल्या पायांनी परत येऊन खाटेवर बसले.  लेकीने खाटेशेजारच्या कपाटातून त्यांचे कपडे काढले आणि पिशवीत भरायला घेतले.

घरी जाणाऱ्या रोग्याला फाटकापर्यंत खुर्चीतूनच न्यायचं, असा इस्पितळाचा नियम. काका ऐटीत बसले. माझ्यावर खुशीत बसलेलं ते पहिलं माणूस.

'नाही जायचं' म्हणणारी भिंगरी वर्ग सुरू झाले तेव्हा नर्सिंगला गेलीच. जाताना ती माझ्याकडे फिरकलीही नाही. इतक्या घंट्या वाजत होत्या, तिला फुरसत कुठली?

आता तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे. तीही प्रेमळ आहे आणि तीही दमते. आत्ताच तिने मला एका आजींच्या खाटेला चिकटवून उभं केलंय. आजींनी दोन्ही हात गादीवर टेकलेत, त्या उठू बघताहेत. घंटी वाजते आहे आणि मुलीचे हात आजींच्या काखेकडे निघालेत. मित्रांनो, माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. तुमचा पोचेल. तेवढं तिला सांगा ना, क्षणभर थांब म्हणावं, आजी उठताहेत.