कपाटाचं अस्तर

आमच्या कपाटाचं डावं दार बंद होईना. खालून नीट बसायचं, पण वरचा कोपरा दोन बोटं बाहेर येऊन चोंबड्या शेजारणीसारखा खोलीत डोकवायचा. कपाट ह्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं, त्यामुळे त्याबद्दल घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

हे चाळीस वर्षं शिंपी. गल्लीत अजूनही सगळे मास्तर म्हणूनच हाक मारतात. गेल्या वर्षी हात थरथरायला लागले, एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही तिरकी बसली आणि त्या दिवशी ह्यांनी मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. माझ्या कोटाचं कापड तेव्हापासून ट्रंकेत पडून होतं. सहा महिने खिडकीशी बसून काढल्यावर एक दिवस घरात अचानक फळ्या आल्या. लाकडात सुई ओवायची नसते, म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की घरभर भुसा झाला तरी मी तोंड उघडलं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

कपाट झालं तेव्हा दोन्ही दारांच्या मधून पोस्टकार्डसुद्धा जात नव्हतं. पुढून पॉलिशचे चार हात दिलेले, त्यात तोंड दिसायचं. मग पंधरा दिवस हवा दमट झाली आणि डाव्या दारानं पीळ घेतला.

ह्यांनी आधी दोष दिला फरशीला. कपाटाच्या पायांखाली पुठ्ठे सरकवून झाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी मनातच म्हटलं. मग बिजागऱ्या नाठाळ ठरल्या, मग स्क्रू. मला आपली गंमत वाटत होती. चौथ्या दिवशी मात्र हे दाराकडे बघायचे थांबले आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

"हातच गेले माझे," म्हणाले. "कापड काय अन् लाकूड काय."

मी आत जाऊन धाकट्या भावाला फोन लावला. तो सुतार. त्यानं माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, एवढंच विचारलं, की दाराला आतून पॉलिश केलंय का. मी जाऊन पाहिलं. आतून दार कोरंच्या कोरं. मग भाऊ पोटभर हसला. कोरी बाजू ओल पिते, फुगते आणि दार वाकतं, म्हणाला. रविवारी येऊन अर्ध्या तासात सरळ करून द्यायला तो तयार होता.

"तू येऊ नकोस," मी म्हटलं. "तू दार सरळ केलंस तर तुझे भाऊजी कायमचे खिडकीशी बसतील."

तो हसायचा थांबला. काय करायला हवं ते त्यानं मला नीट सांगितलं. आता हे ह्यांच्या कानावर घालायचं कसं? चाळीस वर्षं मास्तर म्हणवून घेतलेल्याला शिकवणं सोपं नसतं. मी ट्रंकेतून कोटाचं कापड काढलं, ह्यांच्यासमोर घडी मोडली आणि म्हटलं की कोपऱ्यावरच्या नव्या शिंप्याकडे टाकते. अस्तर नकोच म्हणून सांगणार आहे. आत कोण बघतंय?

हे ताडकन उठले. "आत कोण बघतंय म्हणजे? अस्तर काय दाखवायला असतं? बाहेरून कितीही झकपक करा, आतून कोरं ठेवलं की कापड वाट्टेल तसं ओढतं, आकार सोडतं, आणि..."

तिथेच थांबले. मान हळूच कपाटाकडे वळली. मी कापडाचे काठ अतिशय लक्षपूर्वक तपासत होते. ह्यांनी जाऊन दार उघडलं आणि आतल्या कोऱ्या लाकडावरून तळवा फिरवला.

"अगं," म्हणाले, "मी ह्याला अस्तरच लावलं नाही."

मी म्हटलं, हो का? नाटकात काम मिळालं असतं मला.

दोन्ही दारं उतरवली. आतली बाजू वर करून दोन काठ्यांवर उन्हात आडवी ठेवली, डाव्याच्या पोटावर विटा रचल्या. पाय ओढत चालणारा हा माणूस दिवसातून दहादा जाऊन वाकून बघायचा. पाचव्या दिवशी आतून पॉलिश झालं, चार हात, अगदी पुढच्यासारखेच. दारं पुन्हा चढली.

डावं दार बंद झालं. वरचा कोपरा तेवढा सूतभर बाहेर राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. आता हे पुन्हा हातांकडे बघत बसणार, अशी मला भीती वाटली. हे बराच वेळ त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले. मग मशीनपाशी गेले आणि चादर ओढून काढली.

"कापड आण ते," म्हणाले. "बाही सूतभर तिरकी बसेल. चालेल?"

माझे डोळे भरून आले होते, पण ते ह्यांना कशाला दाखवू?

"चालेल की," मी म्हटलं. "कोणी आलं की मी त्या दारापाशीच उभी राहीन, म्हणजे बाही दाराला शोभेल."